उकिरड्यापासून बिबट्यापर्यंत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, सदस्य आणि ग्रामसभांचे सभासद यांस,



कोयना-चांदोलीच्या जंगलापासून माणदेश आणि जतच्या माळरानापर्यंत पसरलेल्या या दोन जिल्ह्यांत वन्यप्राण्यांचा शेजार नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळा तालुक्यांत गवा, रानडुक्कर, साळिंदर आणि माकडे आहेत. कराड आणि वाळव्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्या आहे. कृष्णा आणि वारणेच्या डोहांत मगर आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू भागात लांडगा आणि कोल्हा आहे. आणि उंदीर, घूस, साप, मुंगूस, चिचुंद्री व उदमांजर यांना तर तालुक्याची हद्दच नाही. या शेजाराचा त्रास खरा आहे आणि तो बहुतांशी ज्यांच्या घराला पक्की भिंत नाही, गोठ्याला दार नाही आणि अंगणात दिवा नाही अशांच्या वाट्याला येतो. पिकांच्या नुकसानीविषयी मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात; घराभोवतीच्या त्रासाचा बंदोबस्त मात्र सर्पमित्राचा फोन, वन विभागाचा पिंजरा किंवा कोपऱ्यातील काठी यांवर सोपवला जातो. ज्या संस्थेच्या हातात या त्रासावरचा बराचसा उपाय आहे, ती ग्रामपंचायत या चर्चेत क्वचितच दिसते. प्रस्तुत पत्र तिला उद्देशून लिहिण्याचे कारण हेच आहे.

कोणताही रानटी प्राणी माणसाच्या अंगणात येतो तो अन्न, पाणी किंवा आडोसा यांपैकी कशाच्या तरी शोधात येतो. एखाद्या परिसरातील या तीन गोष्टी मिळून तेथे एका जातीचे किती प्राणी तग धरू शकतील याची जी मर्यादा ठरते, तिला पर्यावरणशास्त्रात धारणक्षमता म्हणतात. ही मर्यादा कायम ठेवून त्यातील एक प्राणी मारला किंवा पकडून नेला, तर मोकळी झालेली जागा काही दिवसांत त्याच जातीचा दुसरा प्राणी घेतो, आणि हा नवा प्राणी बहुधा तरुण, परिसराची माहिती नसलेला आणि म्हणून अधिक त्रासदायक असतो. याउलट उकिरडा, सांडलेले धान्य, उघडे खुराडे आणि कौलांमधील फट या गोष्टी दूर केल्या तर धारणक्षमताच कमी होते आणि प्राणी हाकलावा लागत नाही. घराभोवतीच्या वन्यजीवांविषयी या पत्रात जे काही म्हटले आहे ते सर्व या एका नियमावर उभे आहे, मग प्राणी दोन-चार किलोंचा असो वा पन्नास किलोंचा.

सुरुवात उदमांजरापासून करणे योग्य होईल, कारण जुन्या कौलारू घरांत राहणाऱ्यांची सर्वाधिक तक्रार त्याच्याविषयी असते आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याविषयीच असतात. अमेरिकेत शेतघरांच्या जोत्याखाली बिळे करून राहणारा आणि शेपटीखालील ग्रंथींतून गंधकयुक्त द्रवाची पिचकारी मारणारा स्कंक हा प्राणी प्रसिद्ध आहे. तो भारतात आढळत नाही. त्याची घरातील जागा आपल्याकडे काही अंशी उदमांजराने घेतलेली आहे. हा प्राणी मांजर नाही, मांजराच्या कुळातीलही नाही. लांबट तोंड, काळपट राखाडी अंग, चेहऱ्यावर डोळ्यांभोवतीच्या खुणा आणि शरीराइतकीच लांब शेपटी असा हा निशाचर प्राणी कोकणात कांडेचोर म्हणून ओळखला जातो. त्याच्याही शेपटीखाली गंधग्रंथी असतात आणि घाबरल्यावर तो त्यांतून उग्र वासाचा स्राव सोडतो. याचाच दूरचा नातलग असलेले जवादी मांजर मात्र जमिनीवर वावरते, झाडावर फारसे चढत नाही आणि त्याच्या सुगंधी स्रावाचा उपयोग एकेकाळी अत्तरांसाठी केला जात असे.

उदमांजर फळे, उंदीर, किडे, सरडे, अंडी आणि हाती लागली तर कोंबडीची पिल्लेही खाते. दिवसभर झोपण्यासाठी त्याला झाडाची ढोली लागते. गावाभोवतीचे जुने वड, पिंपळ, आंबे आणि जांभळी रस्तारुंदीकरणात किंवा सरपणासाठी गेल्या की ढोलीची जागा घराचा पोटमाळा घेतो. तेथे मादी पिल्ले घालते, मग रात्रभर कौलांवर धावपळ ऐकू येते, आढ्याखाली लेंड्यांचा आणि मुताचा वास साचतो, आणि घरातील माणसे कावून पिंजरा आणतात, डांबरगोळ्या फेकतात किंवा फट बुजवून टाकतात. यातील तिन्ही उपाय चुकीचे आहेत. पिंजऱ्यात पकडणे ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येनुसार शिकार ठरते. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीनचा उदमांजरावर भरवशाचा परिणाम होत नाही, उलट त्याची वाफ पोटमाळ्यातून खाली उतरून लहान मुलांना अपाय करते. आणि फट घाईने बुजवली तर पिल्ले आत अडकून मरतात, त्यांच्या कुजण्याचा वास महिनाभर जात नाही, शिवाय बाहेर राहिलेली मादी कौले उचकटून आत शिरण्याचा प्रयत्न करते.

खरा उपाय संथ आहे, पण तो एकदाच करावा लागतो. कौलांखालून आत येण्याचा मार्ग कोणता हे संशयित जागी संध्याकाळी राख पसरून सकाळी उमटलेल्या पावलांवरून कळते. पिल्ले असल्यास ती आईबरोबर बाहेर हिंडू लागेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. त्यानंतर फटीत कागदाचा किंवा पेंढ्याचा सैल बोळा कोंबून ठेवावा आणि तो सलग दोन-तीन रात्री जागचा हलला नाही, म्हणजे आत कोणी नाही अशी खात्री झाली, की फट जाड तारेच्या जाळीने किंवा चुन्या-सिमेंटने बंद करावी. बोळा रोज बाहेर पडत असेल तर प्राणी रात्री बाहेर गेल्यानंतरच फट बंद करावी. छपरावर टेकलेल्या फांद्या दोन-तीन मीटर मागे छाटल्या तर छपरावर उतरण्याची वाटच उरत नाही. आणि परसात एखादे ढोलीचे झाड राखले तर उदमांजर घराकडे फिरकण्याची गरज कमी होते. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकून डोंगरउतारावरील झाडोरा वाढवणारा आणि रात्रभर उंदीर मारणारा हा प्राणी गावाला हवा आहे. फक्त तो पोटमाळ्यात नको आहे.

चिचुंद्रीचा प्रश्न याहून लहान आहे. ती उंदीर नाही. लांब निमुळते नाक आणि बारीक डोळे असलेला हा कीटकभक्षी प्राणी झुरळे आणि किडे खातो, आणि त्याच्या अंगावरील ग्रंथींचा कस्तुरीसारखा उग्र वास हाच त्याचा एकमेव उपद्रव म्हणता येईल. एकामागून एक शेपूट धरून चालणारी तिची पिल्ले दिसली की त्यांना उंदीर समजून ठेचले जाते. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली आणि ओलसर अडगळ हलवली की ती घरातून निघून जाते.

उंदीर आणि घूस यांचे तसे नाही. घराभोवतीच्या वन्यजीवांच्या सगळ्या साखळीचा पहिला दुवा तेच आहेत. ज्वारी-बाजरीच्या पोत्यांतून, शाळू मळल्यानंतर खळ्यात उरलेल्या दाण्यांतून, गोठ्यातील पेंडीच्या टोपलीतून आणि उकिरड्यावरील शिळ्या अन्नातून त्यांची वाढ होते, आणि त्यांच्या मागोमाग साप, उदमांजर आणि रानमांजर घरापर्यंत येतात. त्यांच्यावर विषाचा प्रयोग सर्रास केला जातो. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर त्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते. या दोन्हींवर उतारा नाही, आणि बिस्किटाला किंवा भाकरीला लावून कोनाड्यात ठेवलेले हे विष घरातील मुलाच्या हाती लागू शकते. ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे विष तुलनेने सावकाश काम करते, पण त्यामुळे सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबड पकडते आणि विष घुबडाच्या पोटात जाते. उंदरांवरच जगणाऱ्या या पक्ष्याला अपशकुनी ठरवून पडक्या वाड्यातून आणि देवळाच्या शिखरातून हुसकावून लावणारे गाव आपल्या धान्याची राखण करणारा मोफतचा राखणदार गमावते. पत्र्याची किंवा सिमेंटची कणगी, पाव इंची जाळी, पोती जमिनीपासून हातभर उंच फळीवर ठेवणे आणि संध्याकाळी गोठ्यातील पेंड उचलून ठेवणे, इतक्या साध्या गोष्टींनी जे साधते ते विषाने साधत नाही.

सापांच्या बाबतीत या साखळीचा अर्थ जीवनमरणाचा होतो. २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासातून भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने मरण पावतात असे निष्पन्न झाले आहे, आणि हे मृत्यू मुख्यतः खेड्यांतील आहेत. माणसाच्या जिवावर उठणारे प्रमुख चार साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तातून तयार होणारी प्रतिसर्पविष लस या चारही विषांवर चालते. यांपैकी घोणस उसाच्या पाचटात, गवतात आणि बांधावर उंदरांची वाट पाहत दबा धरून पडते, पावसाळ्याच्या तोंडाला वीस-तीस पिल्ले घालते आणि तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मण्यार मात्र रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, आणि अपचन समजून ओवा देण्यात मोलाचे तास निघून जातात. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून स्पष्ट संरक्षण मिळते असे दिसून आले. कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी ही मण्यारीविरुद्धची सर्वांत स्वस्त तटबंदी आहे, हे प्रत्येक आशा सेविकेने घरोघरी सांगावे इतके महत्त्वाचे आहे.

बत्तीस शिराळ्याने नागाशी जे नाते पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्याची येथे नोंद घेणे आवश्यक आहे. नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची मिरवणूक काढण्याची तेथील प्रथा वन्यजीव कायद्याच्या विरोधात असल्याने न्यायालयाच्या आदेशाने थांबली आणि ते योग्यच झाले, कारण पकडलेल्या सापाचे हाल होतात. परंतु साप दिसताच काठी न उचलण्याची, त्याच्या हालचाली ओळखण्याची आणि त्याला वाट मोकळी करून देण्याची जी सवय त्या गावाने कमावली होती, तिची आज दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक वस्तीला गरज आहे. गोवऱ्यांचा हुडवा, सरपणाची रास, कडब्याची गंजी आणि विटांचा ढीग घराच्या भिंतीला टेकून न ठेवता दहा-पंधरा पावले दूर ठेवला, तर घर आणि साप यांच्यामधील अंतर आपोआप वाढते. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये, अवयव हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यावे, आणि मांत्रिकाच्या ओट्यावर एक मिनिटही घालवू नये.

आता बिबट्याविषयी. कोयना, कृष्णा आणि वारणा यांच्या पाण्यावर वाढलेला ऊस वर्षभर उभा असतो. त्यात दाट आडोसा असतो, पाण्याचा पाट असतो, आणि त्याच्या कडेला गाव असते. अशा फडात मादी पिल्ले घालते, तेथेच ती वाढतात, आणि त्या पिल्लांच्या दृष्टीने ऊस हेच जंगल असते. त्यामुळे 'जंगलातून भरकटलेला बिबट्या' ही बातम्यांमधील कल्पना कराड-वाळव्याच्या बिबट्यांना लागू पडत नाही. अकोले तालुक्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बागायती पट्ट्यात, डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या आहारात सर्वाधिक वाटा गावातील कुत्र्यांचा, जवळजवळ ३९ टक्के, होता. हा आकडा ग्रामपंचायतीने कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे, कारण उकिरड्यावर कुत्रे पोसले जाते आणि कुत्र्यावर बिबट्या पोसला जातो. लग्नकार्यानंतर ओढ्यात फेकलेल्या पत्रावळ्या, मटणाच्या दुकानामागे टाकलेली आतडी, पोल्ट्रीच्या शेडमागे उघड्यावर पडलेल्या मेलेल्या कोंबड्या ही बिबट्याला दिलेली आमंत्रणे आहेत.

बिबट्या दिसला की पिंजऱ्याची मागणी होते, आणि पिंजरा लावला नाही तर वनाधिकाऱ्याला घेराव पडतो. या मागणीमागील भीती समजण्यासारखी आहे; ज्या घराच्या ओसरीतून शेळी उचलली गेली, तेथील आईला रात्री झोप लागणार नाही. तथापि पिंजऱ्याचा अनुभव महाराष्ट्राने पुरेसा घेतलेला आहे. जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून दूर सोडण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. त्यानंतर माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले आणि प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. परक्या मुलखात सोडलेला, माणसांच्या हाताळणीने बिथरलेला प्राणी परत फिरण्याचा प्रयत्न करतो, आणि रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. या अनुभवावर आधारित मार्गदर्शक सूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि त्यांत सरसकट पकडून सोडण्यास विरोध केला आहे. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या प्राण्याची गोष्ट वेगळी; त्याच्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षकांनी विलंब न लावता निर्णय घेतलाच पाहिजे. पण केवळ दिसला म्हणून पकडलेला बिबट्या गावाची सुरक्षितता वाढवत नाही, ती कमी करतो.

येथे सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेली माणसे म्हणजे ऊसतोड मजूर. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून येणारी ही कुटुंबे कारखान्यांचा हंगाम सुरू झाल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहतात, पहाटेच्या अंधारात तोडणीला जातात आणि तान्ही मुले बांधावर झोपवतात. वाकून किंवा उकिडवे बसलेले माणूस, विशेषतः मूल, बिबट्याच्या नजरेला त्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढे दिसते. अंधार, उघड्यावरील शौच आणि एकटे मूल या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका अनेक पटींनी वाढतो. गावात कर भरणाऱ्यांच्या घरात नळ आणि संडास आला, पण सहा महिने त्याच शिवारात राहणाऱ्या या कुटुंबांना ग्रामपंचायत पाहुणे समजते, ही स्थिती लाजिरवाणी आहे. कोपींच्या मुक्कामाला सौरदिवे, फिरती शौचालये, जाळीच्या कुंपणाने बंद केलेली मुलांची जागा आणि मुले सांभाळणारी एक व्यक्ती इतकी व्यवस्था कारखाना आणि ग्रामपंचायत यांनी मिळून करणे अवघड नाही. तोडणी चालू असताना फडात बिबट्याची पिल्ले सापडली तर ती उचलून घरी आणू नयेत, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढू नयेत. काम थांबवून वन विभागाला कळवावे, म्हणजे त्याच जागी रात्री पिल्ले ठेवून मादीला ती नेऊ देता येते. पिल्ले हरवलेली मादी त्या शिवारात चिडून फिरत राहते आणि ही चीड पुढच्या माणसाच्या वाट्याला येते.

रानडुकराचा विषय शेताचा असल्याने येथे लांबवण्याचे कारण नाही, मात्र त्याच्यासाठी केल्या जाणाऱ्या तीन गोष्टी घरापर्यंत पोहोचतात, म्हणून त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. कुंपणात थेट वीज सोडणे, कणकेत किंवा चरबीत स्फोटक भरून बांधावर टाकणे आणि तारेची फासकी लावणे या त्या तीन गोष्टी होत. सोडलेल्या विजेने मरतो तो पुष्कळदा शेजारचा शेतकरी किंवा पाणी पाजायला पहाटे निघालेला त्याचा मुलगा असतो; स्फोटक कुत्रा उचलून अंगणात आणतो; आणि डुकराच्या फासकीत कमरेला तार रुतलेला बिबट्या सुटला तर जवळ येणाऱ्या प्रत्येकाला फाडतो. सौर कुंपणात मिळणारा झटका क्षणिक आणि मोजलेला असतो, त्याने प्राणी दचकतो पण मरत नाही. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी शासकीय अनुदानही मिळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार मारणे, पकडणे, विष घालणे, फासे लावणे आणि त्यासाठी प्राणी हाकणे या सर्व कृती शिकारीत मोडतात. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूची रद्द झाली असली, तरी रानडुकराच्या बाबतीत ठरलेल्या पद्धतीने अर्ज करून परवानगी घेण्याची वाट शेतकऱ्याला आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने केलेला प्रतिकार गुन्हा ठरत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे आणि ते गावकऱ्यांना माहीत असले पाहिजे.

गवा वस्तीत शिरला तर धोका त्याच्यापेक्षा गर्दीचा अधिक असतो. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा तासन्‌तास पाठलाग झाल्याने दमून मरण पावला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा आला, तेव्हा परिसर बंद करून, वाट पाहून त्याला ताब्यात घेतले गेले. दोन्ही घटनांतील फरक माणसांच्या वागण्याचा होता. आठशे-हजार किलोंचे जनावर पळू लागले की त्याच्या वाटेत येणारी मोबाइलधारी गर्दी स्वतःला आणि त्याला दोघांनाही मारते. अशा वेळी पोलीस पाटील आणि ग्रामसुरक्षा दल यांनी रस्ते अडवणे ही निम्मी कामगिरी असते. माकडांचा त्रास महाबळेश्वर, पाचगणी आणि यवतेश्वरच्या बाजूला वाढला तो घाटात गाड्या थांबवून फुटाणे आणि केळी टाकणाऱ्यांमुळे. हाताने खाऊ घातलेले माकड पुढे हातातील पिशवी ओढते आणि अखेर स्वयंपाकघरात शिरते. घाटाखालच्या ग्रामपंचायतींनी यासाठी दंड आकारण्याचा ठराव करावा.

कृष्णाकाठच्या गावांना मगर नवी नाही. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या परिसरातील डोहांत ती पूर्वापार आहे, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनी नदी आणि घर यांच्यातील सीमारेषाच पुसून टाकली. मेलेली जनावरे आणि कोंबड्यांचा कचरा नदीत टाकला की मगर त्या घाटावर मुक्काम करते, आणि धुणे धुणाऱ्या बाईला किंवा मोटार सुरू करायला पाण्यात उतरणाऱ्या शेतकऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. ज्या घाटावर मगर दिसते तेथे पाण्यात जाळीचा पिंजरा उभारून धुण्याची सुरक्षित जागा करणे आणि कचरा बंद करणे, हे दोन उपाय ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. पूर ओसरल्यानंतर घरात परतताना मात्र मगरीपेक्षा सापांची काळजी अधिक घ्यावी लागते; प्रत्येक भांडे, प्रत्येक कपाट काठीने हलवून मगच हात घालावा.

येथवरच्या विवेचनात उकिरडा, मेलेल्या कोंबड्या, भटके कुत्रे, दिवे, संडास आणि सांडपाणी हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि हे सर्व विषय कायद्याने ग्रामपंचायतीचे आहेत. तासगाव तालुक्यातील अंजनीच्या आर. आर. पाटील यांनी ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा या दोन जिल्ह्यांतील गावांनी हातात झाडू घेऊन उकिरडे गावाबाहेर नेले होते. त्या अभियानाचा हेतू आरोग्याचा होता; पण ज्या गावाने ते मनापासून केले त्या गावाने उंदीर, साप आणि बिबट्या यांच्या वाटेवरील अन्नही त्याच झाडूने उचलले. आज अनेक गावांत पुरस्काराची पाटी शिल्लक आहे आणि तिच्याच मागे कचरा साचलेला आहे. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा स्वच्छता आणि पाणी यांसाठीच बांधलेला असताना पैशाची सबब पुरेशी ठरत नाही. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. एकट्या ग्रामपंचायतीला ते झेपणार नाही, म्हणून आठ-दहा गावांनी पंचायत समितीमार्फत एकत्र येऊन पशुवैद्यकीय पथक मागावे. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते; बहुसंख्य ठिकाणी ती कागदावर आहे. कोणत्या वस्तीत कोणता प्राणी कधी दिसला, कोठे पिल्ले आढळली, कोणाची शेळी गेली याची साधी वही तिने ठेवली तरी वन विभागाशी बोलताना गावाच्या हाती पुरावा असेल.

वन विभागाचीही यात जबाबदारी आहे आणि ती माफ करता येणार नाही. सागरेश्वर अभयारण्य लोकांच्या श्रमांतून, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिले. त्याच अभयारण्यातून बाहेर येणाऱ्या हरणांनी देवराष्ट्रे परिसरातील पिके खाल्ली आणि शेतकऱ्याला भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागले, तर पुढच्या पिढीला जंगल उभे करण्याची प्रेरणा कोठून मिळणार? भरपाई मुदतीत देण्यासाठी राज्याने कायदा केला आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर न हलवणे, त्याचे छायाचित्र ठेवणे, विनाविलंब वनरक्षकाला लेखी कळवणे या गोष्टींसाठी प्रत्येक गावात एक जाणकार माणूस नेमलेला असावा. प्राण्यांना जगू द्या असे ज्याला सांगायचे आहे, त्याने शेतकऱ्याच्या मेलेल्या शेळीची किंमत वेळेवर चुकवली पाहिजे. एरवी तो उपदेश दुसऱ्याच्या खर्चाने केलेला ठरतो.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. यांपैकी ऊसतोडणीच्या आधी येणाऱ्या २ ऑक्टोबरच्या सभेत दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक ग्रामपंचायतीने हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे. मटण दुकाने आणि पोल्ट्री यांचा कचरा खड्ड्यात चुना टाकून पुरण्याची सक्ती, कोपींच्या मुक्कामाला दिवे व शौचालये, शिवारातील फासकी आणि विजेच्या तारा काढण्यासाठी एक ठरलेला दिवस, आणि ज्या गरीब घराला गोठ्याचे दार करणे परवडत नाही त्याला ग्रामनिधीतून मदत, एवढे ठराव एका बैठकीत मंजूर होऊ शकतात. वन विभागाचा '१९२६' हा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक आणि जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लस उपलब्ध आहे की नाही याची माहिती शाळेच्या, सोसायटीच्या आणि दूध डेअरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावी, आणि ती लस संपली असेल तर सरपंचांनी त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्यावे.

कळावे,

सातारा-सांगलीच्या शिवाराचा आणि त्यातील सर्व रहिवाशांचा एक हितचिंतक